आजोबा गावच्या वहीत नसतील तर आजोळच्या वहीत बघा

मागच्या अंकात कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीचा, नुसता ओझरता उल्लेख केला आणि या महिन्यात टपालाची पिशवी भरून आली. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून ‘नमुना नंबर १४’ हे त्या वहीचं सरकारी नाव घरोघरी पोचलं आहे. पण पत्रं वाचताना मला एका गोष्टीचं फार बरं वाटलं. दाखल्याचं काम होऊन गेलं तरी माणसं शोधत राहिली आहेत. पणजोबा सापडले, आता त्यांची आई कोण, तिचं माहेर कुठलं, हे विचारताहेत.

माझी ओळख नव्या वाचकांसाठी एवढीच की १९८० ते २००६ अशी २६ वर्षं मी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात होते. जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले वह्यांचे गठ्ठे, सोडायचे, नोंद शोधायची, नक्कल द्यायची, हे माझं काम. आलेल्यांपैकी सात पत्रांना इथे उत्तर देते आहे.

प्रश्न : आमचं गाव कऱ्हाड तालुक्यात. आजोबांचा जन्म १९१९ ते १९२४ च्या दरम्यानचा. गावची १९१५ पासून १९३० पर्यंतची जन्मनोंद पूर्ण पाहिली. त्यांच्या दोन धाकट्या भावांची नोंद मिळाली, बहिणीचीही मिळाली. आजोबांचीच नाही. पान फाटलेलं नाही, एकही साल गहाळ नाही. आजोबा दत्तक होते की काय, अशी कुजबुज आता घरात सुरू झाली आहे.

उत्तर : दत्तकाची शंका आधी मनातून काढून टाका. आजोबा भावंडांत सगळ्यांत थोरले होते, हे तुमच्याच पत्रातून दिसतं आहे आणि सगळं उत्तर त्यातच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की लेक माहेरी जायची आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत यायची. नोंद मात्र मूल जिथे जन्मलं त्या गावी व्हायची. आजही कायदा तोच आहे : घटना जिथे घडली तिथे नोंद. तुमचे आजोबा त्यांच्या आजोळच्या वहीत आहेत.

ही वही कशी भरायची ते सांगते, म्हणजे शोधायचं कसं ते कळेल. गावात जन्म झाला, कुणी दगावलं, की कोतवाल खबर आणायचा आणि पोलीस पाटील ती वहीत लिहायचा किंवा लिहून घ्यायचा. म्हणून लोकांच्या तोंडी ते ‘कोतवाल बुक’. ठरावीक मुदतीने त्याची प्रत तालुक्याला जायची, म्हणून ती आज तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. आता बाराव्या दिवशी बारसं आणि खबर त्याच्या आधीच गेलेली, तेव्हा बाळाला नावच नसायचं. जन्माच्या बहुतेक जुन्या नोंदींत बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असतं. ‘आजोबांचं नाव सापडत नाही’ म्हणून कितीतरी लोक माझ्यासमोरून उठून गेले आहेत, आणि मला धावत जाऊन त्यांना परत बोलवावं लागलं आहे. आजोबांचं नाव शोधायचंच नाही. त्यांच्या वडिलांचं शोधायचं.

आजोळच्या वहीत आणखी एक अडचण येते. तिथे तुमचे पणजोबा पाहुणे. पाटलाने त्यांचं नाव लिहून पुढे ‘राहणार अमुक गाव’ असं घातलं असेल तर सोपं. पण माझ्या पाहण्यात अशाही नोंदी आहेत, जिथे पाटलाला जावयाचं नाव आठवलंच नाही आणि त्याने बाळंतिणीच्या बापाच्या नावाने नोंद घातली. त्या गावासाठी तो ओळखीचा माणूस. त्यामुळे पाच-सहा वर्षांची पानं ओळ न् ओळ वाचायची. आडनावावर नजर ठेवून पानं उलटू नका, कारण जुन्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही. ‘राणू बिन बाळू’ एवढ्यावर काम भागायचं. बिन म्हणजे मुलगा; बाळूचा मुलगा राणू.

आता प्रश्न राहतो पणजीचं माहेर कोणतं याचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना थेट ‘पणजीचं माहेर कुठलं’ असं विचारलं तर ती मान हलवतात. वेगळं विचारा. आजोबांच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं राहिलं? भाऊबीजेला बैलगाडी कोणत्या वाटेने यायची? पणजी गेली तेव्हा दुखवट्याचा आहेर कुठून आला? गावाचं नाव विसरलेलं माणूस वाट विसरत नाही.

आणि माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. माझे वडील थोरले. त्यांची जन्मनोंद आमच्या गावच्या वहीत नव्हती. मी त्याच कचेरीत, वही माझ्या हाताखाली, आणि तरी किती वर्षं मी तीच चार सालं पुन्हापुन्हा वाचत होते. दुसऱ्या गावची वही उघडावी हे मलाही सुचलं नाही. १९९८ च्या दिवाळीआधी घर झाडायला काढलं, तेव्हा माळ्यावरून एक पितळी परात खाली आली. कल्हईचा मागमूस नाही, कड दोन ठिकाणी चेपलेली. चिंच लावून घासली तशी कडेवर टोचून घातलेली अक्षरं वर आली. पहिली तीन अक्षरं घासून गेली होती, पुढे ‘हिस मामाकडून’ आणि त्यापुढे गावाचं नाव. लग्नात परात देताना नाव घालून द्यायची आपल्याकडे रीत. कृष्णेच्या पलीकडचं ते गाव, आमच्यापासून चालत दोन तासांवर. घरात त्या गावाचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं, कारण आजीचे भाऊ लवकर वारले आणि येणंजाणं तुटलं.

सोमवारी कचेरीत जाऊन त्या गावचा रुमाल सोडला. तिसऱ्या वहीत, उजवीकडच्या पानावर खालून चौथी ओळ : ११ फेब्रुवारी १९२३, माझ्या आजोबांचं नाव, पुढे आमचं गाव, मुलगा. शाई तपकिरी झालेली, तारखेच्या आकड्यावर कसरीने खाल्लेलं बारीक भोक. नक्कल करून घरी नेली आणि वडिलांना वाचून दाखवली. ते तेव्हा ७५ वर्षांचे. आपण याच घराच्या माजघरात जन्मलो असं ते जन्मभर समजत होते. बराच वेळ कागद हातात धरून बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे मामाच्या घरात माझी वाट बघत होते.”

तुमच्यासाठी शेवटची एक सूचना. आजोळचं गाव आज ज्या तालुक्यात आहे तिथेच तेव्हा होतं का, हे पाहून घ्या. तुमच्या भागात मधेमधे औंध, फलटण, सांगली अशा संस्थानांची गावं पसरलेली होती. दक्षिण महाराष्ट्रातली ही संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. त्यानंतर तालुक्यांच्या हद्दी बदलल्या. एका कचेरीने ‘दप्तर नाही’ म्हटलं तर शेजारच्या तालुक्यात विचारा. आणि ‘नोंद आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर ते तोंडी घेऊ नका. लेखी घ्या, त्यावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शोधलं ते लिहून घ्या. नाही तर दोन वर्षांनी तुमचा भाऊ तीच सालं पुन्हा शोधत बसेल.

प्रश्न : शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांची जन्मतारीख १ जून १९२६ आहे आणि गावच्या जन्मनोंदीत ऑक्टोबर १९२७. खरी कोणती?

उत्तर : ऑक्टोबरची. गावोगावी १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं शेकड्यांनी आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे, हात पोचला की सहा वर्षांचं झालं असं धरून मास्तर मागे मोजून १ जून लिहायचे. तरीही ते रजिस्टर टाकाऊ समजू नका. वडिलांचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण आणि आधीची शाळा कोणती, हे त्यात मिळतं. आधीच्या शाळेच्या रकान्यात दुसऱ्या गावाचं नाव असेल तर तिकडे कुणी नातलग होतं का ते बघा. पोरं बहुधा मामाकडे नाहीतर आत्याकडेच शिकायला राहायची.

प्रश्न : (नांदेडहून, महाविद्यालयात शिकणारी वाचक) आजी, आमच्याकडे निजामाच्या काळातला एक कागद आहे. उर्दूत आहे. मोहल्ल्यातल्या काकांनी वाचून दिला, त्यात खापरपणजोबांच्या मृत्यूची तारीख ‘तीर १३४१ फसली’ अशी आहे. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं साल येतं.

उत्तर : कागद जपून ठेवला आहेस आणि वाचून घेतलास, फार चांगलं केलंस. घोळ होतो तो असा : फसली सन, म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष, दोन्हीकडे होता, पण आमच्या मुंबई इलाख्याकडचा फसली मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलायचा. हैदराबाद संस्थानातला ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून. पुढे दै, बहमन, इस्फंदार असे बारा महिने. आजूर ऑक्टोबरात धरलास की आठवा महिना तीर, तो मे महिन्याच्या सुमारास येतो.

सालाचा हिशोब : हैदराबादी फसलीत ५९० मिळव, म्हणजे ते वर्ष ज्या ऑक्टोबरात सुरू झालं ते इसवी साल मिळतं. १३४१ अधिक ५९० म्हणजे १९३१. पण तीर येतो पुढच्या जानेवारीनंतर, म्हणून १९३२. तुझे खापरपणजोबा १९३२ च्या मे महिन्याच्या आसपास गेले. वंशावळीत दोन्ही लिही, मूळ फसली तारीख आणि काढलेली इसवी. माझ्याकडे नकलांसाठी येणारे लोक फक्त काढलेली तारीख ठेवायचे आणि मूळ कागद गेला की चूक पकडायला जागा उरायची नाही.

त्या काकांना पुन्हा एकदा भेट. कागदावर खालच्या बाजूला वारसांची नावं असतील तर तीही लिहून घे.

प्रश्न : पणजोबा रत्नागिरीकडचे, मुंबईत गिरणीत होते. ‘मोठ्या तापात’ गेले असं घरात सांगतात. गावच्या मृत्यूनोंदीत ते नाहीत.

उत्तर : मोठा ताप म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मुंबईत ती जूनमध्ये एकदा आली आणि पावसाळा सरताना दुसऱ्यांदा आली, ती फार भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. पणजोबा मुंबईत गेले असतील तर त्यांची नोंद महानगरपालिकेकडे, ते राहत होते त्या भागाच्या दप्तरात असणार. चाळीचं नाव, गल्ली, गिरणी, जे ठाऊक असेल ते अर्जात घाला आणि मुदत सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ अशी मागा. अंगात ताप घेऊनच पुष्कळ माणसं बोटीने गावी निघाली होती. तेव्हा बंदराच्या गावची मृत्यूनोंदही बघा. घरी पोचण्याआधी बंदरावरच कुणी दगावलं तर नोंद तिथली.

आमच्या तालुक्यातल्या १९१८ च्या वह्या मी नकलांसाठी अनेकदा उघडल्या. मृत्यूच्या नोंदीत ‘रोग’ असा एक रकाना असतो. एरवी त्यात पटकी, देवी, हगवण, ताप, साप चावून, विहिरीत पडून असं वेगवेगळं येतं. त्या ऑक्टोबरच्या पानांवर वरपासून खालपर्यंत एकच शब्द आहे. पहिल्या ओळीत ‘ताप’, आणि नंतर लिहिणाऱ्याने पुन्हा लिहिलंसुद्धा नाही, नुसती ‘सदर’ची खूण करत गेला आहे. एका छोट्या गावच्या वहीत महिन्याच्या मध्यावर अक्षर बदललेलं दिसलं. आधीचं वळणदार, सवयीचं. नंतरचं थरथरतं, शाळकरी पोराचं असावं असं. आधी लिहिणाऱ्याचं काय झालं ते वहीत शोधायला माझा हात धजला नाही.

प्रश्न : (डिचोलीहून) आजीची १९३० सालची जन्मनोंद मिळाली, पण पोर्तुगीज भाषेत आहे. आम्ही हिंदू, तरी चर्चमध्ये विचारायला हवं होतं का? कागदात काय काय आहे?

उत्तर : चर्चमध्ये जायचं कारण नाही. चर्चच्या वह्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या, त्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी, आणि त्यांच्यासाठी त्या फार मागपर्यंत जातात. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि त्यानंतर गोव्यात सर्वधर्मीयांसाठी नागरी नोंदणी सुरू झाली. तुमचा कागद त्या दप्तरातला.

तुम्ही भाग्यवान आहात. आमच्याकडच्या वहीत बाळाच्या आईचं नाव मिळणं दुर्मीळ. तुमच्या कागदात ‘फिल्या’ हा शब्द शोधा, म्हणजे मुलगी. पुढे बाप आणि आई दोघांची नावं येतील. मग ‘नेता पातेर्ना’, म्हणजे वडिलांकडून नात, आणि पुढे आजीचे आजोबा-आजी. मग ‘नेता मातेर्ना’, आईकडून नात, आणि पुढे आईचे आईवडील. एका नोंदीत तीन पिढ्या आणि दोन्ही घरं. पहिल्यांदा असा कागद एका ओळखीच्या बाईंनी मला दाखवला तेव्हा मी तो दोनदा वाचून घेतला. एका मुलीच्या जन्माच्या नोंदीत तिच्या आईची आई नावानिशी लिहिलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

नावं पोर्तुगीज कानांनी ऐकून लिहिलेली असतात, त्यामुळे मोठ्याने वाचा, डोळ्यांनी नाही. आणि या नोंदणीच्या मागे जायचं असेल तर तुमच्या कुळाच्या देवस्थानात महाजनांची यादी आहे का ते विचारा. कुटुंब गावकार असेल तर कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, दप्तरातही नावं असतात, पण तिथे पुन्हा पुरुषच भेटतील.

प्रश्न : आजीचा १९३८ चा लसीचा दाखला आणि आजोबांची जन्मनोंदीची नक्कल घडीवर फाटली आहे. लॅमिनेट करून घेऊ का?

उत्तर : नको, कृपा करून नको. लॅमिनेशनमध्ये कागद तापतो, चिकटतो आणि पुन्हा कधीही बाहेर काढता येत नाही. सेलोटेपही लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो, त्याचा डिंक शाईत उतरतो आणि नेमकी घडीवरची अक्षरं घेऊन सुटतो. कागद उलगडून सपाट ठेवा, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, पांढऱ्या कोऱ्या कागदात घालून कोरड्या कपाटात ठेवा. देव्हाऱ्याखाली ठेवू नका, तिथे तेल आणि ओल दोन्ही असते.

प्रश्न : (वाईहून) आमची आठ पिढ्यांची वंशावळ तयार झाली. पुरुष सगळे आहेत, बायकांच्या जागा मोकळ्या आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीतही आमच्या घरचे पुरुषच मिळाले. पणजीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळे तिला ‘थोरली आई’ म्हणायचे. आता ते मिळणं शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. या महिन्यात आलेल्या सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

जन्माच्या वहीतून उठा आणि मृत्यूच्या वहीत बसा. जन्माच्या नोंदीत आई नसते आणि मुलीला अजून नाव नसतं. बाईचं स्वतःचं नाव तिच्या गावच्या दप्तरात लिहिलं जायचं ते बहुतेक वेळा ती मेल्यावर. मृत्यूच्या नोंदीत ते असं येतं : ‘सगुणा कोम राणू’. कोम म्हणजे बायको. राणूची बायको सगुणा. तुम्हाला पणजोबांचं नाव ठाऊक आहे. म्हणजे ‘कोम’च्या पुढचा शब्द तुमच्याकडे आहेच, मागचा शोधायचा.

साल कसं काढायचं? सात-बारावरून मागे मागे फेरफारांवर जा. पणजोबा वारले तेव्हा वारस म्हणून जमिनीवर कुणाची नावं चढली तो फेरफार काढा. पणजी मागे राहिली असेल तर मुलांच्या नावांबरोबर विधवा म्हणून तीही तिथे असू शकते, आणि मग एका कागदात नाव मिळून जाईल. ती त्यात नसेल तर पणजोबांच्या आधी गेली असण्याचा संभव जास्त. मग शेवटच्या मुलाच्या जन्मापासून पणजोबांच्या मृत्यूपर्यंतची मृत्यूनोंद वाचायची. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या नव्या दप्तरात मृत्यूचं कारण उताऱ्यावर देत नाहीत, जुन्या वहीत ते समोर दिसतं. मनाची तयारी ठेवून बसा.

वयावर विसंबू नका. खबर देणाऱ्याला नेमकं वय ठाऊक नसायचं; तीस, चाळीस, साठ अशी गोल वयंच जास्त. नावाबद्दलही सावध राहा. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. तुमची थोरली आई तिच्या माहेरच्या कागदात वेगळ्याच नावाने असेल. दोन्ही लिहून ठेवा, एक खोडू नका. वही मोडीत असेल तर दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. मोडीत एक सलग रेघ ओढून त्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. तुमच्या घरात कुणी तरुण असेल तर त्यालाच शिकवा, दहा-पंधरा दिवसांत ओळख होते आणि सरावाने हात बसतो. तहसीलमध्ये वही पाहायला देत नसतील तर माहितीच्या अधिकारात लेखी मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याच जिल्ह्यांनी अशी पानं आता संकेतस्थळावर चढवली आहेत, पण ती कुणबी नोंदींच्या शोधातली आहेत. तुमचं पान तिथे नसलं म्हणजे ते नाहीच असं समजू नका.

आमच्याही घरात ती ‘थोरली’च होती. माझ्या वडिलांची आजी. वडिलांनी तिला पाहिलेलं नव्हतं. दरवर्षी भाद्रपदात सर्वपित्रीला गुरुजी एकेक पिढीचं नाव विचारत. बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं वडील सांगत. मग गुरुजी म्हणत, आई? वडील सांगत. आजी? वडील खाली बघत, गुरुजी क्षणभर थांबून पुढे जात. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं आणि कचेरीत बसून दुसऱ्यांच्या आज्या शोधून देत होते.

परातीमुळे मला धीर आला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावची मृत्यूनोंद काढली आणि १९१८ च्या त्याच पानांवर ती होती. बयजा कोम, पुढे पणजोबांचं नाव. वय ४०. रोगाच्या रकान्यात सदरची खूण. खबर देणारा : मुलगा. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे असतील. त्यांनी चावडीवर जाऊन आईचं नाव सांगितलं होतं. पुढे घरात कुणाला सांगितलं नाही, किंवा कुणी विचारलं नाही.

१९९९ च्या सर्वपित्रीला गुरुजींनी विचारलं, आजी? वडिलांनी नाव सांगितलं. गुरुजींना नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.